सिंहासन नातवाला, शिलालेख मुलाचा



 ब्रह्मदेश म्हटलं की आमच्या रत्नागिरीला तिथला थिबा राजाच आठवतो. राज्य गेलं, इथे आणून ठेवला आणि १९१६ साली इथेच वारला. पण परिषद शिलालेखांची आहे, म्हणून त्याच्या आठशे वर्षं आधीच्या, ब्रह्मदेशातल्याच पगानच्या राजकुमाराबद्दल बोलतो. राजकुमार हे त्याचं नावच.

बाप क्यान्झित्था, पगानचा राजा. गादी मिळाली ती त्याच्या मुलीच्या मुलाला, अलौंगसिथूला. बखरी सांगतात की मुलगा आहे हे राजाला कळण्याआधीच नातवाला शब्द देऊन झाला होता. पुढे राजा मरणाच्या दारी असताना राजकुमाराने सोन्याची बुद्धमूर्ती घडवली आणि बापाने दिलेली दासांची तीन गावं तिला अर्पण केली. राजा संतोषला. त्याने पृथ्वीला साक्ष ठेवून उदक सोडलं. त्या दासांना कुणी विचारलं नाही, हेही ओघात नोंदवून ठेवू.

मूर्तीची आणि दानाची ही हकीकत १११३ च्या सुमाराच्या म्याझेदी लेखात आहे. दगडाच्या चार बाजूंवर पाली, मोन, बर्मी आणि प्यू या चार भाषांत एकच मजकूर. प्यू बोलणारं कुणीच उरलं नव्हतं; अभ्यासक ब्लॅग्डेन यांनी १९११ साली बाकीच्या मजकुरांशी ताडून ती उलगडली. शेवटी शापही आहे: जो या दानाला बाध आणील त्याला मैत्रेय बुद्धाचं दर्शन घडू नये. आमच्या कोकणातल्या गद्धेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारे दगड, पाहिलेल्यांना हा शाप फारच सभ्य वाटेल!

गादी हुकलेल्या या मुलाला त्यागमूर्ती ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो पटत नाही. लेखात गादीच्या वारशाचा उल्लेखच नाही. ना तक्रार, ना समाधान. बापावरची माया आहे आणि दानाचा पक्का दस्तऐवज आहे. रुसवा किंवा त्याग हे आपण बखरी वाचून त्याच्या माथी मारतो.

तेव्हा यजमान म्हणून एवढंच मागणं. या दोन दिवसांत निबंध वाचताना दगडावर काय कोरलंय आणि बखरीत काय लिहिलंय, हे कृपया वेगवेगळं सांगा. वादाला वेळ राखून ठेवला आहे, जेवण थोडं उशिरा झालं तरी चालेल.