मुलांचे जेवण : वारापासून हक्कापर्यंत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या उत्सवात इमारतीच्या, निकालांच्या आणि गुणवंतांच्या आठवणी निघणे स्वाभाविक आहे. परमुलखातील मराठी शाळेच्या बाबतीत आणखी एक आठवण निघावी. नोकरीधंद्यासाठी गाव सोडून आलेल्या माणसांनी वर्गणी काढून ही शाळा उभी केली आणि ज्यांना फी परवडत नव्हती त्यांचीही मुले येथे शिकावीत, याची चिंता वाहिली. अशा शाळेच्या हीरक महोत्सवात एक प्रश्न विचारणे उचित ठरेल. गरीब घरात जन्मलेल्या मुलाचे शिक्षण कोणाच्या भरवशावर चालावे?

जुन्या महाराष्ट्रात या प्रश्नाला ‘वार लावणे’ हे एक उत्तर होते. खेड्यातून शहरात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात वारांसाठी सात घरे धरी आणि ज्या दिवशी ज्या घरचा वार असेल तेथे जेवी. कोणी माधुकरी मागून आणी. या प्रथेच्या आधाराने अनेकांची शिक्षणे पार पडली. तिच्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. वार मिळे तो बहुधा आपल्याच जातीच्या घरी. ज्या जातींत देण्याइतके कोणाच्याच घरी नव्हते, त्यांच्या मुलांना वार कोण देणार? मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. यजमानीणबाई आजारी पडल्या, घरात सुतक आले किंवा यजमानांची बदली झाली, की तो वार बुडे आणि त्या दिवशी विद्यार्थी उपाशी राही. परक्याच्या घरी पंक्तीच्या टोकाला बसून जेवताना मान खाली घालावी लागे, ते दुःख वेगळेच.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणून एका पंक्तीत बसवले, तेव्हा यांपैकी जातीची मर्यादा ओलांडली गेली. खर्चाची अडचण मात्र कायम राहिली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ही हकिकत ऐकताना आजही कंठ दाटून येतो. त्या त्यागाला वंदन करून झाल्यावर एक विचार मात्र मनात यावा. मुलांचे जेवण एका स्त्रीच्या मंगळसूत्रावर अवलंबून राहावे, यात समाजाची शोभा नाही. दान कितीही थोर असले तरी दात्याच्या ऐपतीबरोबर ते संपते. ज्या कार्यात एकही दिवस खंड पडून चालत नाही, ते शासनाने कायद्याने पत्करावे लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात ही दिशा दाखवली होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी त्यांनी केली. त्याच निवेदनात त्यांनी हेही नोंदवले, की दारिद्र्यामुळे शेतकऱ्यांना आपली मुले गुरे राखण्यास व शेतावर लावावी लागतात. म्हणून शाळा वाढवण्याबरोबरच अशा मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे ठेवली पाहिजेत. शाळेचे दार उघडले म्हणजे गरिबाचे मूल आपोआप आत येते, असे त्यांनी मानले नाही. शाळेत आल्यामुळे घराचे जे नुकसान होते ते कोणी तरी भरून द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

ते भरून देण्याचा एक उपाय म्हणजे शाळेतच जेवण. त्याची पहिली मोठी वाटचाल मद्रासमध्ये झाली. १९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचे ठरवले. दर मुलामागे रोजचा खर्च एक आण्यापेक्षा अधिक होऊ नये, अशी अट होती. पुढे आणखी काही शाळांत ही सोय झाली. परंतु ब्रिटिश अमदानीत खर्चाच्या कारणावरून ती बंद पडली. पैसा खर्चण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांना हा खर्च शिक्षणाचा वाटला नाही.

स्वातंत्र्यानंतर तो वाटला के. कामराज यांना. वडील लहानपणीच वारल्यामुळे त्यांचे स्वतःचे शिक्षण अर्ध्यावर सुटले होते. १९५४ साली ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. दौऱ्यावर असताना गुरे राखणाऱ्या एका मुलाला त्यांनी शाळेत का जात नाहीस, असे विचारले. तेव्हा शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही द्याल का, असे त्यानेच उलट विचारले, ही आख्यायिका तमिळनाडूत आजही सांगितली जाते. ती शब्दशः घडली असो वा नसो, तिच्यातील हिशेब खरा आहे. जोतीरावांनी पाऊणशे वर्षांपूर्वी ज्याच्याविषयी लिहिले, तोच हा गुराखी मुलगा. १९५६ च्या सुमारास कामराजांनी लोकवर्गणी आणि सरकारी वाटा यांच्या आधारे शाळांत मध्यान्ह भोजन सुरू केले. पुढे १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ही योजना फार मोठी केली. अंगणवाडीतील दोन वर्षांच्या बालकापासून प्राथमिक शाळेतील मुलांपर्यंत सर्वांना, प्रथम खेड्यांत आणि त्याच वर्षी शहरांतही, पोषक आहार मिळू लागला. १९८४ मध्ये तो पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना लागू झाला. एवढा पैसा जेवणावर घालवणे ही लोकानुनयासाठी केलेली उधळपट्टी आहे, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. सरकारे बदलली, पक्ष बदलले. योजना मात्र कोणी बंद केली नाही. उलट पुढच्या सरकारने ताटात अंडे वाढले. आईबापांना ज्या गोष्टीचे मोल एकदा कळले ती काढून घेणे कोणत्याच पक्षाला परवडत नाही.

देशपातळीवरील योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तिच्या आरंभीच्या इतिहासात धोरणाविषयीचा एक मोठा धडा आहे. शाळेत शिजवलेले अन्न देण्याची बहुतेक राज्यांची तयारी नव्हती, म्हणून ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी देण्याची मुभा होती. कागदावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात घरी गेलेले तीन किलो धान्य कुटुंबातील सर्वांत वाटले जाई आणि मूल दुपारी रिकाम्या पोटीच वर्गात बसे. ज्याच्या नावाने खर्च पडला त्याच्या पोटात घास गेला की नाही, ही कल्याणकारी योजनेची खरी परीक्षा आहे. कोरडे धान्य त्या परीक्षेत उतरले नाही.

२००१ साली सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना राजस्थानसारख्या राज्यांत दुष्काळाने माणसे उपाशी होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश दिला. त्या अन्नात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि ते वर्षातून किमान २०० दिवस मिळावे, असेही ठरवून दिले. महाराष्ट्रातील शाळांत शिजू लागलेली खिचडी ही त्याच आदेशाची फलश्रुती होय. २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले, तसेच दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवण्यास बजावले. सुट्टी लागली म्हणून भूक सुट्टीवर जात नाही, हे न्यायालयाने जाणले होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले. प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरले. जेवण न मिळाल्यास भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा याच तरतुदीमुळे मुलांच्या नावाचे धान्य किंवा पैसे मागता आले. दया म्हणून दिलेले अन्न बंद पडले तर दाद मागता येत नाही. हक्क असला की मागता येते.

या जेवणाने काय साधले? ज्यां द्रेझ आणि गीता किंग्डन यांच्या उत्तर भारतातील अभ्यासात, गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन असेल तर शाळेबाहेर राहणाऱ्या मुलींचे प्रमाण निम्म्यावर येते, असे दिसले. मध्य प्रदेशातील फर्जाना आफ्रिदी यांच्या अभ्यासातून कळले, की शाळेत जेवते म्हणून आई मुलाच्या घरच्या ताटातले काढून घेत नाही. शाळेतील घास ही त्याच्या आहारात पडलेली खरी भर असते. आंध्र प्रदेशात दुष्काळामुळे ज्यांची वाढ खुंटली होती, अशा बालकांची झीज शाळेतील जेवणाने भरून निघाल्याचे आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याहून दूरची गोष्ट दाखवली. ज्या मुलींना बालपणी शाळेत जेवण मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये खुजेपणाचे प्रमाण कमी होते. ज्याला उधळपट्टी म्हटले गेले, त्या खर्चाची जमा दुसऱ्या पिढीच्या खात्यात निघाली.

तरीही समाधान मानून बसण्यासारखी स्थिती नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. ही वाढ खुंटते ती शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच. म्हणून अंगणवाडीचा खर्च हा शाळेच्या खर्चाइतकाच निकडीचा आहे. दुसऱ्या टोकाला, केंद्राची योजना आठवीपर्यंतच जाते. नववीत गेलेल्या मुलाला भूक कमी लागते असे नाही. उलट त्याच वयात त्याला कामावर आणि तिला बोहल्यावर पाठवण्याची घाई घरात सुरू होते. तमिळनाडू दहावीपर्यंत जेवण देते, मग इतरांना ते अशक्य का असावे? त्याच राज्याने १५ सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती सर्व सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत नेली. उपाशी पोटी आलेल्या मुलाच्या सकाळच्या तासिका वाया जातात, हे कोणताही शिक्षक सांगेल.

खर्चाचाही विचार करावा. मे २०२५ पासून धान्य वगळता डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांसाठी प्राथमिक वर्गातील मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे १० रुपये १७ पैसे एवढी तरतूद आहे. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे मानधन २००९ पासून महिन्याला एक हजार रुपये, तेही वर्षातून दहाच महिने, एवढेच ठरलेले आहे. काही राज्ये त्यात आपली भर घालतात, काही फारशी घालत नाहीत. ज्या बहुधा स्वतःच गरीब घरच्या आहेत, त्यांच्या स्वस्त श्रमावर गरीब मुलांचे पोषण उभे करणे न्याय्य नव्हे. देखरेख सुटली तर काय होते, तेही देशाने पाहिले आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील जेवणात कीटकनाशक मिसळलेले तेल गेले आणि तेवीस बालके दगावली. एका दिवसाचा निष्काळजीपणा त्यांच्या घरांना कायमचा पोरका करून गेला.

अशा वेळी समाजाने काय करावे? माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शिष्यवृत्त्या देतात, वह्यापुस्तके देतात. गुजरातेत सुरू झालेली ‘तिथीभोजना’ची प्रथा आता देशाच्या योजनेतही मान्य आहे. वाढदिवस किंवा पुण्यतिथी यांच्या निमित्ताने शाळेतील मुलांना एखादा गोड पदार्थ किंवा फळे द्यावीत, असे तिचे स्वरूप. हा जुन्या वाराचा नवा आणि अधिक निकोप अवतार आहे, कारण येथे मूल कोणाच्या दारी जात नाही आणि पंक्तीत सर्व जण सारखेच बसतात. ती अवश्य चालवावी. परंतु ते ताटातील पक्वान्न आहे. रोजची पोळीभाजी शासनाकडूनच यावयास हवी आणि ती वेळेवर, पुरेशी व स्वच्छ येते की नाही, हे पाहणे नागरिकांचे काम आहे. जेवण मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्यांनी ते चाखावे, असा नियम आहे. आपापल्या गावच्या, वस्तीच्या शाळेत एखाद्या दुपारी जाऊन तो पाळला जातो का, हे पालकांना पाहता येईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मानधनाचा प्रश्न मांडता येईल. मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारता येईल, की नववी-दहावीच्या मुलांच्या जेवणाचे आपण काय करणार?

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणी काढून ही शाळा उभी केली, त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतः वार लावून किंवा उपास काढून शिक्षण घेतले असेल. आपल्या वाट्याला आलेले दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असणार. ती इच्छा एका शाळेपुरती त्यांनी पूर्ण केली. देशातील प्रत्येक शाळेत, दुपारची घंटा झाल्यावर, कोणाचेही उपकार न स्मरता मुलाने ताठ मानेने ताटावर बसावे, हे काम पुढच्या पिढीच्या हाती आहे. शतक महोत्सवाला येथे जे जमतील त्यांना ते पूर्ण झालेले दिसो, अशी प्रार्थना करून हे विवेचन संपवणे योग्य होईल.