हरकत आहे का कोणाची?

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला मराठीवर चार शब्द बोलायला सांगितलं. मी काही साहित्यिक नाही. 32 वर्षं दिवाणी कोर्टात लिपिक म्हणून काढली, त्यामुळे माणसं कशी भांडतात एवढं मात्र जवळून पाहिलं आहे. म्हणून विषयही तोच घेतला. 'नाही' म्हणायची वेळ आली की आपण मराठी माणसं इंग्रजीत का शिरतो?

आपल्याच सभा आठवा. वडापाव कसा झालाय हे मराठीत, पाण्याच्या टाकीची चर्चा मराठीत, आणि एखादी गोष्ट पटली नाही की लगेच 'माझं ऑब्जेक्शन आहे', 'आय डिसॲग्री', 'हे अंडर प्रोटेस्ट लिहून घ्या'. घरातही तेच. सुनेला सासूबाईंचं म्हणणं पटत नसेल तर 'मला थोडा इश्यू आहे' म्हणते. मुलगा बापाला 'नो बाबा' म्हणतो. 'नाही' म्हटलं तर बाबांचा आवाज चढेल हे त्याला ठाऊक असतं.

यात नुसती ऐट नाही. गरम पातेलं आपण सांडशीनं उचलतो, तसा हा प्रकार आहे. 'मला हे मान्य नाही' हे वाक्य आपल्याकडे थेट माणसाला लागतं. रोज जिन्यात भेटणाऱ्या जोशीकाकांना ते कसं म्हणणार? 'ऑब्जेक्शन' म्हटलं की वाद कागदाशी राहतो, काकांशी नाही. शिवाय आपल्याकडे गुजराती आहेत, तमिळ आहेत, त्यांनाही कळायला हवं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. मागचं छोटं फाटक कायमचं बंद करण्याचा ठराव तुम्हाला आठवत असेल. सभेत विचारलं गेलं, 'एनी ऑब्जेक्शन?' दोन सेकंद शांतता. 'नो? पास्ड.' माझ्या शेजारी बी विंगमधल्या आजी बसल्या होत्या. त्या 'अहो पण...' एवढं म्हणाल्या, तोवर पुढचा विषय सुरू झाला. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असं आलं. त्या फाटकातून आजी रोज सकाळी देवळात जात, कामाच्या बायका येत. त्यांना आता रस्त्याला पूर्ण वळसा. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा घेतला, तेव्हा अध्यक्षांनी 'कोणाची हरकत आहे का?' असं विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. सात हात वर झाले. फाटक आता सकाळी 6 ते 11 उघडं असतं.

आता कोणी म्हणेल, मराठीत विरोधाला वजनदार शब्द नाहीत. अहो, कोर्टात या मग! हरकत, उजर, आक्षेप, तक्रार, निषेध. प्रत्येकाची जागा वेगळी. गावाकडे सातबारावर फेरफार करायचा झाला की तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवस देतो. हरकत आली की विवादग्रस्त प्रकरणांची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना 6-अ, तिच्यात ती चढते. इंग्रजीचं अक्षर न येणारा शेतकरी एका 'हरकत' शब्दावर फेरफार अडवून धरतो. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या गावच्या जमिनी अशाच राहिल्यात.

आणि शुद्धतेचा आग्रह माझा मुळीच नाही. 'हरकत' अरबीतून आली, तिकडे तिचा अर्थ हालचाल. 'तक्रार'ही तिकडचीच. गवयानं हरकत घेतली तर आपण वाहवा म्हणतो, सभेत कोणी घेतली की कपाळाला आठ्या, एवढाच फरक.

डॉ. आंबेडकरांचं उदाहरण देतो. सायमन कमिशनच्या कामासाठी मुंबई प्रांताची जी समिती नेमली होती, तिच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. 17 मे 1929 रोजी आपला वेगळा अहवाल दिला. मराठीत त्याला भिन्नमतपत्रिका म्हणतात. ती त्यांनी इंग्रजीत लिहिली, कारण ज्यांना ऐकवायची होती ते इंग्रज होते. आपल्या सभेत ऐकणारं कोण आहे? फाटकाचा त्रास कोणाला होणार आहे? त्यांना कळेल ती भाषा, एवढा साधा हिशेब.

हे आज का सांगतो? इमारतीला 25 वर्षं झाली. पुनर्विकासाची कुजबुज सुरू झालीच आहे. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी धरली आहे. म्हणजे उरलेल्यांचं म्हणणं कागदावर आलं नाही, तर ते कोणाच्या लक्षातही राहणार नाही. संमतीचे छापील फॉर्म इंग्रजीत येतात. बिल्डरचा माणूस गोड बोलून 'जस्ट साइन हिअर, काकू' म्हणेल. तेव्हा काकूंना 'थांब, आधी मराठीत वाचून दाखव' असं म्हणता आलं पाहिजे, आणि आपण चारचौघांनी त्यांच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे.

माझी सूचना दोन ओळींची आहे. सभेची नोटीस मराठीतही काढावी. आणि ठराव बहुमतानं झाला तर 'सर्वानुमते' न लिहिता, विरोध कोणी केला आणि काय कारण दिलं, ते त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात घ्यावं. मग ते 'मला नाही बाई पटत' असलं तरी.

कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. बसल्या जागेवरून सांगितलं तरी चालेल, माइक तिकडे पाठवतो.