दाराशी काढलेली धार

बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ हा मूक विनोदपट १९२४ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी जेमतेम पाऊण तास. थिएटरात प्रोजेक्टर चालवणाऱ्या पोराला डिटेक्टिव्ह व्हायचे असते. प्रेयसीच्या वडिलांच्या घड्याळाची चोरी नेमकी त्याच्याच गळ्यात पडते. मग प्रोजेक्टरशेजारी डुलकी लागते आणि स्वप्नात तो पडद्यावरच्या सिनेमात शिरून नामांकित डिटेक्टिव्ह होतो. खरा चोर तोवर प्रेयसीनेच शोधलेला असतो, गहाणवटीच्या दुकानात नुसती चौकशी करून. डिटेक्टिव्हच्या नादात प्रेक्षक हे विसरतात, आणि ते बरे नव्हे.

कीटनच्या दिग्दर्शनाचे मर्म कॅमेऱ्याच्या अंतरात आहे: कसरत सगळी नजरेत राहील इतका तो दूर असतो. पूर्वी गवळी म्हैस दाराशी आणून समोर धार काढत असे. भांडे, आचळ, हात, सगळे गिऱ्हाइकाच्या नजरेत. क्षणभर आडोसा झाला की पाण्याची शंका आलीच. कीटनच्या लेखी शॉट तोडणे म्हणजे असा आडोसा. खिडकीत ठेवलेल्या बाईच्या झग्यात तो सूर मारतो आणि बाई होऊनच बाहेर पडतो. हे एका दमात दिसावे म्हणून त्याने घराची भिंतच काढून दाखवली. कसरतीचा शॉट तुटत नाही, हे पुन्हा सांगायला हवे. कीटनच्या नुसत्या निर्विकार चेहऱ्याला हसणाऱ्यांचे तिकडे लक्षच जात नाही.

पडद्यात शिरतानाचा प्रसंग उलटा आहे. तो बाकावर टेकायला जातो तर मागे रस्ता. समुद्रात उडी घेतो तर डोके बर्फात. इथे कटच विनोद करतो, म्हणजे गवळी पाणी घालतो तेही दाखवून. जागा बदलूनही माणूस जागचा हलू नये यासाठी कॅमेरामन एल्जिन लेसलीच्या मदतीने भूमापनाची उपकरणे वापरून अंतरे मोजली गेली.

खऱ्या पाण्याने मात्र घात केला. रेल्वेच्या टाकीचा लोट अंगावर कोसळून कीटन रुळावर आपटला. मान मोडली होती, हे कित्येक वर्षांनी एक्स-रेत कळले. तो शॉट चित्रपटात तसाच आहे.

शेवटी जागा झालेला पोरगा पडद्यावरच्या नायकाकडे चोरून पाहत तसेच प्रेयसीचे हात धरतो, अंगठी घालतो, चुंबन घेतो. पडद्यावर पुढच्याच क्षणी त्या जोडप्याजवळ बाळे दिसतात, आणि पोरगा डोके खाजवतो.