क्रौंच आणि तारा

मी रेल्वेच्या ओव्हरहेड तारांवर काम करणारा डिप्लोमावाला, पक्षीतज्ज्ञ नव्हे. पाठीवर सॅक, गळ्यात दुर्बीण, असे आम्ही दोघे २०२३ च्या नोव्हेंबरात भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात गेलो. तिबेटातले काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात तिथल्या दलदलीत उतरतात. पहाटे धुक्यातून आधी आवाज आला, मग पंख दिसले! सौ. कुडकुडत होत्या, पण दुर्बीण सोडेनात. माझी नजर मात्र सवयीने खांब शोधत होती. पक्षी तारांवर आपटू नयेत म्हणून तिथे विजेची केबल जमिनीखालून नेली आहे. खर्च जास्त, फॉल्ट शोधणे कटकटीचे, तरी नेली.

आमच्या सेक्शनमध्ये २५ हजार व्होल्टने जळालेला मोर मी पॉवर ब्लॉक घेऊन उतरवला होता. रिपोर्टात लिहिले, 'पक्ष्यामुळे ट्रिपिंग'. त्या रात्री तो रिपोर्ट फार आठवला.