आझाद दस्ता

२ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, हे कर्जतमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण लढा पेटला कसा? ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ठराव झाला, पहाटे नेत्यांना अटक झाली. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा दिली मुंबईचे महापौर युसुफ मेहेरअलींनी. माथेरानचे वकील कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या साथीदारांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. इंजिनियर म्हणून सांगतो, नेम अचूक होता. गिरण्या, कारखाने त्याच विजेवर चालत.

आणि नाव पाहा. नाभिक घरातला पुढारी, शेतकरी-आदिवासी साथीदार, आणि ‘आझाद दस्ता’. दोन्ही शब्द फारसीतले. हल्ली कुणी आपल्या बोलीतल्या अशा शब्दांना परके म्हणालं, की मी त्याला आधी हे नाव उच्चारायला सांगतो.