शाळा सुटल्यानंतरचा तास

(शिक्षिका आणि कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण पट, गळती आणि दहावीचा निकाल यांवर बोलतो. मी आज शाळा सुटल्यानंतरच्या तासाबद्दल बोलणार आहे. खो-खोचा सराव, नाटकाची तालीम, विज्ञान मंडळ, एन.सी.सी.ची परेड, हस्तलिखित, हे सारं त्या तासात चालतं. आणि नेमकं तेव्हाच पोरीला घरी पोचायचं असतं. नळाला पाणी यायची वेळ तीच, धाकट्या भावाला सांभाळायची वेळ तीच, गावाकडे जाणारी एस.टी.ही तीच. मुलाला उशीर झाला तर "खेळत असेल" म्हणून विषय संपतो. मुलीला झाला तर सारी आळी विचारते.

मी ज्या शाळांतून जाते तिथे सातवीपर्यंत मुली मैदानात असतात. आठवी-नववीत त्या भिंतीला टेकून उभ्या दिसतात. पाळी सुरू झालेली असते, संडासाला कडी नसते, कडी असली तर पाणी नसतं. एक मुलगी मला म्हणाली, "ताई, मला धावायला बंदी नाही. कुणी बघेल तिथं धावायचं नाही, एवढंच." मग मैदान उरलं कुठं?

स्नेहसंमेलन घ्या. स्वागतगीत, रांगोळी, पाहुण्यांना ओवाळणं मुलींकडे. माईक, पडदा, दिवे आणि वर्गणीचा हिशोब मुलांकडे. (हिशोब पुरुषांकडे आणि चहा बायकांकडे, हे काही पुरोगामी संघटनांतही चालतं. असो.) विज्ञान प्रदर्शनात तक्त्यावरचं सुबक अक्षर मुलीचं, आणि परीक्षक आले की माहिती सांगायला पुढे मुलगा.

या किरकोळ गोष्टी नाहीत. दहावीला खेळ, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात. खेळाचे गुण हवेत तर स्पर्धेच्या गावी जावं लागतं, मुक्काम करावा लागतो. सोबत शिक्षिका नसली की आधी मुलींचा संघ रद्द होतो. गुणपत्रिकेवर फरक दिसतो, त्याचं कारण दिसत नाही.

"मुलींना आवडच नसते," असं मुख्याध्यापक सांगतात. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, बायकांची २०१० साली. मधली वीस वर्षं बायका काय कबड्डी खेळत नव्हत्या? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने तो जिंकला आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आवड नसताना हे झालं होय?

समग्र शिक्षा योजनेतून मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिने आत्मरक्षेचं प्रशिक्षण देतात. माझा त्याला विरोध नाही. पण मुलीच्या अंगात बळ यावं ते फक्त कुणी हल्ला करील म्हणून? नुसतं मजेसाठी, घाम गाळायला, हरायला-जिंकायला का नको? भीतीपोटी मिळालेली परवानगी भीती असेपर्यंतच टिकते.

आता हातात काय आहे ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान लागतंच. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. पुष्कळ ठिकाणी या बायका घरी आलेल्या वहीवर सही करतात, बैठकीला कुणी बोलावत नाही. २०२० चं शिक्षण धोरण तर म्हणतं, अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेदच नको. मग आपण एवढंच मागू या, की उपक्रम शाळेच्या वेळेत, वेळापत्रकात बसवा.

आमच्या भागातल्या एका शाळेत समितीवरच्या तीन आयांनी हेच धरून ठेवलं. पहिल्या बैठकीत हसले. दुसऱ्या बैठकीला त्या, खेळायचं आहे पण थांबता येत नाही अशा मुलींची यादी घेऊन गेल्या. आता आठवड्यातून दोनदा शेवटची तासिका सरावाची असते. महिनाभरात मुलांची तक्रार आली, मैदानात जागा पुरत नाही!

नववी-दहावीच्या स्पर्धेच्या सरावाला मात्र तेवढा वेळ पुरत नाही. त्यासाठी संध्याकाळची एस.टी. तासभर उशिरा सोडा, असे दोन अर्ज आगारात दिले. उत्तर नाही. तिसरा अर्ज येत्या सोमवारी मुलींना बरोबर घेऊन देणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्या.