शेवटचा बंध केव्हा जुळवायचा



आज मी द्रवस्फटिकी इलॅस्टोमरांबद्दल, म्हणजे द्रवस्फटिकी रबरांबद्दल बोलणार आहे, आणि गुणधर्मांपेक्षा संश्लेषणाबद्दल जास्त. या पदार्थात कोणता बंध केव्हा जुळला यावरच बहुतेक गुण ठरतात, आणि आपल्या परिषदांमध्ये नेमके तेच दोन ओळींत उरकले जाते.

रबर म्हणजे लवचीक रेणुसाखळ्यांचे जाळे. नेमॅटिक द्रवस्फटिकातले लांबट, ताठ रेणू वाहते असूनही एकमेकांना समांतर राहतात. हे दोन्ही एकत्र आणले तर तापवल्यावर ताठ रेणूंची दिशा विस्कटेल, साखळ्या आकसतील आणि अख्खा पदार्थ आखडेल, अशी कल्पना भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७५ मध्ये मांडली. १९८१ मध्ये फिंकेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलॉक्सेनच्या साखळीवर ताठ रेणू टांगून असे रबर करून दाखवले. पण ते दुधी होते. आतल्या प्रत्येक सूक्ष्म क्षेत्राची दिशा वेगळी, त्यामुळे तापवल्यावर सगळ्यांची ओढ एकमेकांना मारून टाकायची आणि बाहेरून आकार जवळपास तसाच राहायचा.

यावरचा तोडगा १९९१ मध्ये क्युप्फर आणि फिंकेलमान यांनी फ्रायबुर्गमध्ये काढला. मला तो आजही पॉलिमर रसायनातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. त्यांनी साखळ्या एकमेकींशी जोडणारा, म्हणजे क्रॉसलिंक करणारा रेणू असा निवडला की त्याचे एक टोक सिलॉक्सेनशी झटपट जुळावे आणि दुसरे सावकाश. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने पहिले टोक जुळले की मऊ, अर्धवट जाळे तयार होते. त्या पट्टीला वजन टांगायचे. ताणाखाली सगळी क्षेत्रे एका दिशेला वळतात, आणि पट्टी ताणलेली असतानाच दुसरे टोक जुळू द्यायचे. मग वजन काढले तरी दिशा कायम राहते. तापवा, पट्टी आखडते. थंड करा, पुन्हा लांब होते.

अशी पट्टी दिशेच्या काटकोनात ओढून पाहा. सुरुवातीला थोडा जोर लागतो, पुढे पट्टी लांबत जाते पण जोर फारसा वाढत नाही, कारण साखळ्या ताणल्या जाण्याऐवजी आतली दिशाच वळत असते. वॉर्नर आणि टेरेंट्येव यांनी या मृदू स्थितिस्थापकतेचा सिद्धांत नीट उभा केला. दिशा वळताना बरीच ऊर्जा आतच जिरते, म्हणून दणके शोषणाऱ्या गाद्यांसाठीही या रबराचा विचार होतो.

असे रबर करण्याची वाट आता आपल्या महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली आहे, याचा मला फार आनंद आहे. २०१५ मध्ये याकाकी आणि सहकाऱ्यांनी थायॉल-ॲक्रिलेटची दोन टप्प्यांची रीत मांडली. दोन्ही टोकांना ॲक्रिलेट असलेला ताठ मोनोमर टोल्युइनमध्ये गरम करून विरघळवायचा, थायॉल मिसळायचे, अमाइनचा उत्प्रेरक घालून साच्यात ओतायचे आणि रात्रभर ठेवायचे. ॲक्रिलेट मुद्दाम थोडे जास्त घेतलेले असते. द्रावक उडवल्यावर हातात दुधी फिल्म येते. ती ताणा, डोळ्यांदेखत काचेसारखी पारदर्शक होते. तशीच ताणून धरून अतिनील प्रकाश टाकला की उरलेले ॲक्रिलेट जुळते आणि दिशा पक्की होते. मोनोमर महाग आहे, हे खरे. पण छोट्या पट्टीला तो थोडाच लागतो.

इथे एक आग्रहाची विनंती. द्रावक पूर्ण उडाला होता का, फिल्म किती ताणली होती, प्रकाश देताना तापमान काय होते, हे लिहिले नाही, तर तुमचा आलेख दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही. परीक्षक म्हणून असे निबंध मी परत पाठवतो, आणि पाठवताना वाईट वाटते, कारण काम चांगले असते.

कृती आणि मोजमाप असे एकत्र ठेवणे आपल्याला नवे नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक सापडले. त्या शोधनिबंधावर चंद्रशेखर आणि सुरेश यांच्याबरोबर सदाशिव या रसायनज्ञाचे नाव आहे. रेणू घडवणारा आणि मोजणारा एकाच टेबलाशी बसण्याची ही आपल्या देशातली परंपरा आहे. म्हणून संयोजकांना सुचवतो: पुढच्या वर्षी एक पूर्ण सत्र फक्त कृतीसाठी ठेवा. त्यात आलेख नकोत. विद्यार्थ्यांनी आपली फिल्म आणावी, ती कशी केली आणि कोणत्या पायरीवर बिघडली ते सांगावे, आणि आम्ही ज्येष्ठांनी समोर बसून ऐकावे.